नववा बगळा

"तो चुकला की नाही, एवढंच सांगा बाबा."

तुळाजीबाबांनी अडकित्त्यात नवी सुपारी धरली.

"नववा बगळा त्यानं सरळ काढलाय. सरळ! या ओवरीत आजवर असं कुणी केलंय?"

बाबा सुपारी कातरत होते. वर्षभरापूर्वी त्यांचे डोळे गेले, पण अडकित्ता अजून एकदाही बोटावर पडला नव्हता.

"सणाच्या दिवशी सकाळी सकाळी एवढा तापलायस," ते म्हणाले. "बस आधी."

नरहर बसला नाही. आपली रंगवलेली फळी काखेत धरून तो तसाच उभा राहिला.

नरहर बारा वर्षं बाबांकडे चित्रं उतरवायला शिकत होता. उतरवायला म्हणजे हातानं हुबेहूब नक्कल करायला. घाटावरच्या देवळाच्या ओवरीत बाबांचं बिऱ्हाड होतं आणि तिथं पिढ्यान्‌पिढ्या एकच चित्र उतरवलं जाई. त्याचं नाव 'बगळ्यांचा दरबार'.

दोनशे वर्षांपूर्वी त्या संस्थानात एक चितारी होऊन गेला. त्यानं राजवाड्याच्या भिंतीवर दरबार रंगवला. तेरा दरबारी आणि तेराही बगळे. अंगात जरीचे अंगरखे, डोक्यावर पगड्या, डोळे मिटून सगळे एका पायावर उभे. राजाला दीर्घायुष्य लाभावं म्हणून जप चाललाय, असं वाटावं. समोर ही एवढी मोठी लाल गादी, आणि गादीवर बोटाच्या पेराएवढा राजा. बेडूक. सगळ्यांच्या चोची त्याच्यावर रोखलेल्या.

नववा बगळा तेवढा निराळा. तो अर्धा डोळा उघडून, मान वाकडी करून, शेजारच्या आठव्याकडे बघतो.

राजाला म्हणे आधी चित्र फार आवडलं. चार दिवसांनी कुणीतरी अर्थ सांगितला. मग भिंतीला चुना लागला आणि चितारी गाव सोडून गेला. मागं राहिला तो त्याचा खाका.

खाका म्हणजे जाड कागदावर चित्राच्या रेषांवरून सुईनं पाडलेली भोकं. कागद फळीवर ठेवायचा, कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थोपटायची, की खाली ठिपक्या-ठिपक्यांनी चित्र उमटतं. कागद झिजला की त्यावरून नवा खाका पाडायचा. असं दोनशे वर्षं चाललं होतं.

बेडूक मात्र खाक्यात कधीच नव्हता. राजाचे शिपाई चिताऱ्यांच्या घरांची झडती घेत होते ना! नुसते बगळे काढले म्हणून कुणाचं डोकं उडत नाही. बेडूक काढला की उडतं. म्हणून बेडूक डोक्यात ठेवायचा, सगळं झाल्यावर सर्वांत शेवटी हातानं काढायचा, आणि खडूची पूड डिंकात कालवून तो जरा फुगीर करायचा, अशी रीत पडली. पुढं राजे गेले, संस्थान गेलं, शिपायांची पोरं घाटावर कपडे धुऊ लागली. रीत तशीच राहिली.

त्या दिवशी खंडेनवमी होती. घरोघर कोयते-करवतींची पूजा चाललेली, तशी ओवरीत कुंचल्यांची. बाबांनी गेल्याच वर्षी सांगून टाकलं होतं, की येत्या खंडेनवमीला खाका पुढच्याच्या हाती देईन. ज्याच्या हाती खाका, तो ओवरीचा धनी. दोघांनी एकेक फळी रंगवायची होती.

दोघांनी. खरी पोटदुखी तिथं होती.

नरहर एकटा असता तर प्रश्नच नव्हता. पण तीन वर्षांपूर्वी केरबा आला. त्याआधी तो बाजारात बैलांची शिंगं रंगवायचा आणि गाड्यांच्या फळ्यांवर मोर काढायचा. त्याची रेष जाड. रंग भडक. पगडीची घडी कधी चुकायची, तर कधी बगळ्याची ढोपरंच वर सरकायची.

नरहरची रेष केसासारखी. भिंग लावून बघावं आणि खोट सापडू नये.

पण घाटावर येणारा माणूस नरहरच्या फळीपुढं उभा राहून "वा, काय हात आहे!" म्हणायचा, आणि केरबाच्या फळीपुढं उभा राहून हसायचा. पोट धरून हसायचा. बरोबरच्या माणसाला ओढून आणून दाखवायचा.

टवाळीचं चित्र ते. त्यापुढं "वा" म्हटलेलं चांगलं की हसलेलं, हे नरहरला कळत होतं. कळत होतं म्हणूनच त्याला रात्र रात्र झोप लागत नव्हती.

"बाबा, मी काय विचारतोय?"

"ऐकतोय. नववा सरळ काढला म्हणतोस."

"नववा बगळा म्हणजे या चित्राचा प्राण आहे! मूळ चिताऱ्याची सगळी बुद्धी त्या एका मानेत आहे. बारा वर्षं मी येणाऱ्याजाणाऱ्याला काठी लावून दाखवतोय, की बघा, सगळा दरबार राजावर टपलाय आणि हा एकटा शेजाऱ्यावर जळतोय. केवढा मोठा माणूस असेल तो, ज्यानं हे दोनशे वर्षांपूर्वी ओळखलं! आणि या शिंगं रंगवणाऱ्यानं ती मानच सरळ करून टाकली."

"तुला केव्हा दिसलं?"

"आत्ता. मघाशी त्याच्या फळीपाशी गेलो होतो."

"कितव्यांदा?"

नरहरनं काखेतली फळी सावरली. पहाटेपासून तो तीनदा जाऊन आला होता.

"आपलं ठेवावं झाकून..." बाबा पुटपुटले आणि म्हण अर्धीच सोडून त्यांनी हाक मारली. "केरबा!"

केरबा देवळामागून आला. हातात झेंडूची अर्धी ओवलेली माळ होती.

"तुझी फळी आण."

केरबानं फळी आणून बाबांच्या मांडीवर ठेवली. बाबांनी तिच्यावर बोट ठेवलं. पहिला बगळा, दुसरा, तिसरा... बोट जाड रेषांवरून अडखळत चाललं होतं. नवव्याच्या मानेवर ते थांबलं.

"हा सरळ का रे?"

केरबानं एकदा नरहरकडं बघितलं, मग खाली.

"बाबा, सातव्यापातूर कागूद थोपटला म्या. मग दादा म्हनले, मला पायजे, आन् घेऊन गेले. फुडचं म्या मनानंच काढलं."

नरहरचे कान लाल झाले. खाका त्यानं नेला होता, हे खरं होतं. गरज होती म्हणून नव्हे. केरबाचा हात झपाझप चाललेला त्याला बघवला नव्हता, म्हणून.

"मनानं काढलंस," बाबा म्हणाले. "पण नववा तिरका असतो हे तीन वर्षं बघतोयस की."

"बघतोय."

"मग?"

केरबानं माळेतलं एक फूल उगीच फिरवलं. "कसं हाय बाबा... बाकीचे बारा जेवायला बसल्यात. ह्यो एकटाच शेजारच्याच्या पानाकडं बघत बसलाय. उपाशी ऱ्हाईल की त्यो. मला वाईट वाटलं. म्हनलं, गड्या, तू बी जेव."

बाबांच्या हातून अडकित्ता खाली पडला.

तो त्यांनी उचललाही नाही. मग त्यांचं बोट पुढं सरकलं, गादीवर गेलं, आणि गादीच्या मधोमध त्याला फुगीर बेडूक लागला. बोट त्याच्या पोटावरून फिरलं. गळ्याखालच्या फुग्यावरून फिरलं. आणि बाबा हसले. आंधळा माणूस, बोटानं चित्र बघून खदखदा हसला.

नरहरला ते हसू आगीसारखं लागलं. बारा वर्षांत त्याच्या एकाही फळीवर बाबा असे हसले नव्हते.

"म्हणजे हे बरोबर?" त्याचा आवाज चिरकला. "मूळ चित्र बदललं, ते बरोबर?"

"मूळ..." बाबा म्हणाले. "नरहर, मूळ चित्रात नववा सरळच होता."

"काय?"

"माझ्या गुरूंच्या खाक्यात तेराही माना सरळ होत्या. ही वाकडी मान माझी."

खाली घाटावर कुणीतरी घंगाळ घासत होतं. 

"माझ्याबरोबर रखमाजी म्हणून एक जण शिकायला होता," बाबा सांगू लागले. "गुरूंचा खाका झिजला होता. नवा पाडायला त्यांनी मला सांगितलं, कारण सुई माझीच बारीक. मी इथंच बसलो होतो. समोर रखमाजी रंग घोटत होता आणि गुरू त्याच्याशी काहीतरी बोलून हसत होते. कशावर हसत होते, ते मला अजून माहीत नाही. माझे कान तिकडं, डोळा तिकडं. सुई आपली चालतच होती. भानावर आलो, तर नवव्याची मान वळलेली आणि डोळा अर्धा उघडा."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

"लाज वाटली. जुना कागद मीच चुलीत घातला. पुढं लोक त्या मानेलाच नावाजायला लागले. मग काय सांगायचं होतं?"

नरहर फळी घेऊन खाली बसला. बारा वर्षं त्यानं ज्या मानेपुढं हात जोडले, भिंग लावून जिचं एकेक भोक मोजलं, ती कुणा महात्म्याची बुद्धी नव्हती. बाबांचा मत्सर तो इतकी वर्षं हुबेहूब उतरवत होता, तोही एक ठिपका न चुकता.

पण नरहर सहजासहजी हार मानणारा नव्हता.

"ठीक आहे," तो म्हणाला. "चूक तुमची. मी ती जशीच्या तशी उतरवली. यात माझा दोष नाही."

"नाही."

"माझी स्वतःची एक तरी चूक दाखवा. या फळीत. एक."

"आण."

नरहरनं फळी पुढं केली. बाबांनी केरबाची बाजूला ठेवली आणि ही मांडीवर घेतली.

बोट निघालं. पहिल्या बगळ्याची पगडी, पगडीचा तुरा. अंगरख्याची कड. बोट कुठं अडखळत नव्हतं.

"हात फार बारीक आहे तुझा," बाबा म्हणाले. "माझ्याहून बारीक."

नरहरची छाती फुगली. त्यानं केरबाकडं बघितलं. केरबा कौतुकानं फळीकडं बघत होता आणि त्याच्या तोंडावर मत्सराचं नावही नव्हतं. नरहरला याचाही राग आला. या माणसाला साधं जळता का येत नाही?

चौथा, पाचवा, सहावा, सातवा. आठवा. नववा, वाकड्या मानेचा. बाबांचं बोट तिथं क्षणभर टेकलं, जुन्या ओळखीच्या दारावर टेकावं तसं, आणि पुढं गेलं. तेरावा झाला.

मग बोट तेराव्याच्या चोचीवरून सरळ गादीकडं गेलं. गादीची झालर, लोड, तक्के... बोट मधोमध आलं.

तिथं थांबलं.

डावीकडं गेलं, उजवीकडं गेलं. परत मधे आलं.

"नरहर..."

"काय बाबा?"

"हे बगळे कुणावर टपलेत?"

नरहरनं फळीकडं बघितलं.

गादी लालभडक होती. झालरीचा एकेक दोरा मोजून घ्यावा इतकी नीट होती. आणि रिकामी होती.

त्यानं गादीवर स्वतःचं बोट फिरवून बघितलं. पहाटे सगळं झालं होतं. रीतीप्रमाणे बेडूक शेवटी ठेवला होता. खडू आणि डिंक वाटीत कालवूनही झाला होता. मग तो उठला होता, केरबाचं कुठवर आलंय ते एकदाच बघून येऊ म्हणून. तिथं सरळ मानेचा नववा दिसला आणि त्याला एवढा आनंद झाला, की तो फळी उचलून तडक इकडं धावत सुटला. वाटी अजून तिथंच पडली होती. आता तिच्यातलं मिश्रण दगड झालं असेल.

खाक्यात जे जे होतं, ते सगळं त्यानं काढलं होतं.

तोंड लपवायला त्याला जागा उरली नाही. त्यानं चोरून केरबाकडं बघितलं. केरबा पाठ फिरवून, फार मन लावून माळेची गाठ बांधत होता. तो हसला असता तर बरं झालं असतं.

"बाबा, खाका..." नरहर म्हणाला. 'त्याला द्या' एवढे दोन शब्द पुढं यायला हवे होते. ते आले नाहीत. मरतानासुद्धा आपल्या तोंडून ते निघणार नाहीत, असं त्याला वाटलं.

"केरबा," बाबा म्हणाले, "देवापुढची गुंडाळी आण."

केरबानं खाक्याची गुंडाळी आणली. तिला हळदकुंकू लागलं होतं, वर झेंडूचं फूल होतं. बाबांनी ती कपाळाला लावली. मग चाचपत चाचपत हात पुढं केला आणि ती नरहरच्या मांडीवर ठेवली.

"मला?"

"तुला."

"पण बाबा... मी तर बेडूकच विसरलो."

"म्हणूनच."

नरहरनं गुंडाळीवरचं फूल उचलून पुन्हा ठेवलं.

"ज्याला लागतो त्याला द्यायचा असतो," बाबा म्हणाले. "केरबाकडून तू कागद नेलास, त्याचं काही अडलं का? रखमाजीचंही कधी अडलं नाही. गुरूंनी खाका मला दिला, तेव्हा मी घाटावर पेढे वाटले. रखमाजीनंही एक घेतला. खाल्ला, हात पुसले आणि रिकाम्या हातानं शीळ घालत त्या पायऱ्या उतरून गेला."

"कुठं गेले ते?"

"कोण जाणे. चाळीस वर्षं झाली. डोळे होते तोवर रोज संध्याकाळी मी त्या पायऱ्यांकडं बघायचो. आता ऐकतो."

बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही. केरबा जवळ येऊन हळूच त्यांच्या पायाशी बसला.

नरहरनं गुंडाळी दोन्ही हातांनी धरली. इतक्या वर्षांची इच्छा होती, ती मांडीवर आली होती. वजन काहीच नव्हतं तिला. पण ती त्याची होती, त्याला एकट्याला मिळाली होती. हळूहळू त्याच्या जिवाला बरं वाटू लागलं. एवढं बरं त्याला तीन वर्षांत वाटलं नव्हतं.

"बाबा, यातला नववा मी सरळ करू? नवा खाका पाडून?"

"राहू दे."

"पण ती चूक आहे ना?"

"असू दे. दरबारात एक असतोच."

केरबा उठला. अर्धी राहिलेली माळ त्यानं पुरी केली, कुंचल्यांच्या लाकडी पेटीला ती गुंडाळली आणि मागं सरून बघितली. मग स्वतःशीच, हलकेच, त्यानं शीळ घातली.

बाबांची मान झटकन तिकडं वळली.

नरहरनं ते बघितलं. मांडीवर खाका होता, ओवरी त्याची झाली होती. तरी त्याची नजर केरबाकडं गेली. बाबा तिकडं का वळले? काय आहे त्या शिळेत? आपल्याला कागद दिला खरा, पण खरी चीज दुसरीच तर नव्हती?

त्याला राहवलं नाही.

"बाबा... मला हे दिलंत. मग केरबाला काय दिलंत?"

बाबांनी हात पुढं केला, हवेत जरा शोधला. नरहरची हनुवटी सापडली. ती तिरकी होती, केरबाच्या दिशेला. बाबांनी ती दोन बोटांत धरली आणि हळूच वळवून आपल्या मांडीवरच्या फळीसमोर, लाल रिकाम्या गादीसमोर आणली.

"नरहर," ते म्हणाले, "तुझा बेडूक अजून राहिलाय."